अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलची कच्च्या वाटेसाठी जुळणी

अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलची जुळणी म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठी बनवलेल्या मोटारसायकलीचे टायर, सस्पेन्शन, हँडल, ब्रेक व सामानाची मांडणी माती, वाळू, खडी किंवा चिखल यांतून जाण्यास योग्य अशी लावून घेणे होय. कारखान्यातून येणारी गाडी सर्वसाधारण वजनाचा चालक गृहीत धरून लावलेली असते. जुळणीत ती विशिष्ट चालकाला, त्याच्या सामानाला आणि विशिष्ट वाटेला अनुरूप केली जाते. बहुतेक फेरबदल पाने आणि हवेचा दाबमापक एवढ्या साधनांनी होतात. नवे सुटे भाग बसवणे हा त्यानंतरचा टप्पा आहे.

पार्श्वभूमी

या प्रकारच्या गाड्यांच्या प्रसारात १९८० साली आलेल्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस या मोटारसायकलीचा मोठा वाटा आहे. नावातील अक्षरे 'गेलेंडे' म्हणजे ओबडधोबड भूभाग आणि 'श्ट्रासे' म्हणजे रस्ता या जर्मन शब्दांची आहेत. भारतात रॉयल एनफिल्ड कंपनीने २०१६ मध्ये ४११ घन सेंमी इंजिनाची 'हिमालयन' बाजारात आणली. तिचे पुढचे चाक २१ इंचांचे, मागचे १७ इंचांचे असून इंजिनाखाली २२० मिमी मोकळी जागा आहे. पुढचे चाक मोठे असल्याने ते दगड व खड्डे अधिक सहजतेने पार करते. २०२३ मध्ये याच नावाने ४५२ घन सेंमीचे द्रवशीतित इंजिन असलेली गाडी आली.

टायर आणि हवेचा दाब

जुळणीतील सर्वांत स्वस्त व परिणामकारक फेरबदल हवेच्या दाबाचा असतो. दाब कमी केल्यास टायरचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो आणि पकड सुधारते. कच्च्या वाटेवर साधारणतः २० ते २५ पीएसआय दाब ठेवला जातो. मोजणी टायर थंड असताना करतात. दाब फार कमी केल्यास दगडावर आदळताना ट्यूब रिमखाली चिमटली जाऊन पंक्चर होते व रिमही वाकते. डांबरी रस्त्यावर परतताच दाब पुन्हा निर्मात्याने सांगितलेल्या पातळीवर आणणे आवश्यक असते. कमी दाबाचा टायर वेगात तापतो आणि गाडी डोलू लागते. त्यामुळे हातपंप हा या सामानाचा अविभाज्य भाग मानला जातो.

मोठ्या ठोकळ्यांचे टायर मऊ मातीत रुततात व पकड देतात; मात्र ते डांबरावर लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना कमी पडतात. कोकणातील लाल मातीसारख्या चिकट चिखलात ठोकळ्यांमधील फटी बुजतात, म्हणून तेथे विरळ ठोकळ्यांचा टायर अधिक उपयोगी ठरतो.

सस्पेन्शन

चालक बसल्यावर सस्पेन्शन किती दबते, हे प्रथम मोजतात. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून मागच्या चाकाच्या आसापासून वरच्या एका निश्चित बिंदूपर्यंतचे अंतर घेतात. नंतर चालकाला सर्व पोशाखासह व सामानासह बसवून तेच अंतर पुन्हा घेतात. दोहोंतील फरक एकूण हालचालीच्या सुमारे ३० टक्के असावा, असा संकेत आहे. ४११ घन सेंमीच्या हिमालयनमध्ये मागच्या चाकाची हालचाल १८० मिमी असल्याने हा फरक सुमारे ५४ मिमी येतो.

फरक जास्त आल्यास स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, ज्याला मेकॅनिक 'प्रीलोड' म्हणतात, तो वाढवतात. तसे न केल्यास गाडी मागे बसते, पुढचे चाक हलके होते आणि दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. प्रीलोडने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा नव्हे. चालक फारच जड असल्यास वेगळी स्प्रिंग लागते.

उभे राहून चालवण्याची रचना

खडतर वाटेवर चालक फूटरेस्टवर उभा राहतो. त्यामुळे गाडी त्याच्याखाली मोकळेपणाने हलते आणि धक्के गुडघे व घोटे शोषून घेतात. उभे असताना कमरेत फार न वाकता हात हँडलवर पोहोचावेत, अशी त्याची उंची ठेवतात. क्लच व ब्रेकचे लिव्हर मनगट सरळ राहील इतके खाली झुकवतात. त्यांचे स्क्रू अतिशय घट्ट आवळत नाहीत. गाडी पडल्यास लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो. मागच्या ब्रेकचे पेडलही उभ्या स्थितीत पाय पोहोचेल असे लावतात.

ब्रेक

भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ घन सेंमीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना एबीएस अनिवार्य आहे. सैल मातीत थांबलेल्या चाकापुढे मातीचा ढीग साचून गाडी लवकर थांबते. एबीएस चाक वारंवार मोकळे सोडत असल्याने थांबण्याचे अंतर वाढू शकते. म्हणून हिमालयनच्या नंतरच्या आवृत्त्यांत मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय आहे. पुढच्या चाकाचे मात्र चालूच राहते, कारण पुढचे चाक अडकल्यास गाडी जवळजवळ निश्चितपणे घसरते. डांबरावर परतताना मागचे एबीएसही पुन्हा सुरू करतात.

संरक्षण आणि सामान

इंजिनाखाली धातूची जाड पट्टी व हातांपुढे संरक्षक कवच हे सर्वसाधारण उपाय होत. जड वस्तू शक्य तितक्या खाली व गाडीच्या मध्याजवळ ठेवतात. १७ लिटर पेट्रोलचेच वजन सुमारे साडेबारा किलो असते, हेही हिशेबात घ्यावे लागते. धातूच्या पेट्या सुरक्षित असल्या तरी पडताना पाय त्यांखाली अडकू शकतो. त्यामुळे खडतर वाटेसाठी मऊ पिशव्या पसंत केल्या जातात.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असा बदल वाहनात करता येत नाही. हवेचा दाब, प्रीलोड किंवा लिव्हरचा कोन बदलणे यात मोडत नाही. इंजिन अथवा सांगाडा बदलणे मात्र मोडू शकते.