संगणकाची स्मृति कशी वाढवावी?

ब्रह्मपुरी हें गांव धानाच्या शेतीसाठीं, कडक उन्हाळ्यासाठीं आणि भोंवतालच्या जंगलांतील वाघांसाठीं ओळखलें जातें. वाघांची गणना करतांना आतां जंगलांत लावलेल्या कॅमेऱ्यांचा आधार घेतात. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असल्यामुळें चित्राशीं चित्र ताडून त्याची ओळख पटते. अशीं हजारों चित्रें हाताळण्यास वर्कस्टेशन, म्हणजे भारी कामाचा संगणक, सोयीचा पडतो. त्याची रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृति, अपुरी पडली कीं काम रेंगाळतें. ती वाढवितां येते. परंतु वाढविलेली स्मृति विश्वासू असणें हें अधिक महत्त्वाचें.

आजच्या रॅमचें मूळ तत्त्व आयबीएम कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड यांचें. त्यांस १९६८ सालीं त्याचें पेटंट मिळालें. एका बिटासाठीं एक ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर, एवढीच ती रचना. कपॅसिटर हें जणूं गळकें मडकें. त्यांतील विद्युद्भार ओसरतो, म्हणून सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत तो पुन्हा भरावा लागतो. चिपचें तापमान ८५ अंशांपलीकडे गेल्यास हें काम दुप्पट वेगानें करावें लागतें. जेथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर चढतो, तेथें पंखे व हवेची वाट धुळीपासून मोकळी राखणें म्हणूनच अगत्याचें आहे.

क्वचित् एखादा बिट आपोआप उलटतो. अशी चूक हुडकून सुधारण्याची युक्ति रिचर्ड हॅमिंग यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केली. तिच्याच धर्तीवर ईसीसी रॅम चालते. डीडीआर४ मध्यें ६४ बिटांमागें ८ बिट पहारेकरी असतात. एका बिटाची चूक सुधारते, दोहोंची उघडकीस येते.

खरेदीपूर्वीं संगणकाचें माहितीपुस्तक पाहावें. डीडीआर४ व डीडीआर५ या दोहोंच्या पट्ट्यांस २८८ पिना असल्या तरी खांच निराळ्या जागीं असते. बळजबरी करूं नये. रजिस्टर्ड व साध्या पट्ट्यांची सरमिसळ चालत नाहीं. वेग भिन्न असल्यास सर्व पट्ट्या मंद पट्टीच्या चालीनें चालतात.

बसवितांना संगणक बंद करून वीजेची तार काढावी. कोरड्या हवेंत अंगावर स्थिर वीज सांचते. म्हणून प्रथम पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा व पट्टी कडांनींच धरावी. समान पट्ट्या माहितीपुस्तकांत दिलेल्या क्रमानें बसवाव्या, म्हणजे स्मृतीचे मार्ग एकाच वेळीं कामास लागतात. दोन्ही बाजूंच्या कळा बसल्या कीं पट्टी घट्ट झाली.

पहिल्यानें सुरू करतांना पडदा कांहीं मिनिटें काळाच राहूं शकतो; संगणक नव्या पट्ट्यांची ओळख करून घेत असतो. घाईनें वीज तोडूं नये. नंतर बायोसमध्यें एकूण स्मृति व ईसीसी चालू असल्याची खात्री करावी आणि मेमटेस्टसारखी चांचणी रात्रभर चालवावी.

ही एक रात्र वायां जात नाहीं. संगणक बंद पडला तर सर्वांस कळतें. पण नोंदींतला एक आंकडा मुकाट्यानें बदलला, तर तक्रार करावयास वाघ कांहीं कचेरींत येत नाहीं.