‘ब्रेक लागला नाही’ : पावसाळी घाटातील मोटारचालनाची भाषा

नाशिक शहरात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून सुमारे ४५ किलोमीटरांवर असलेल्या इगतपुरीस तोच ३००० मिलिमीटरांच्या वर जातो. मुंबईकडे निघालेला मोटारचालक एका तासाच्या आत एका हवामानातून दुसऱ्या हवामानात शिरतो, आणि लगेच कसारा घाटात सुमारे ३०० मीटर खाली उतरतो. निघताना नाशिकच्या कोरड्या रस्त्यावर गाडी जशी वागली, तशीच ती घाटातही वागेल अशी त्याची समजूत असते. ही समजूत चुकली की पुढे जे घडते त्याचे वर्णन बहुधा एकाच वाक्यात केले जाते : ‘ब्रेक लागला नाही.’ पंचनाम्यातही हेच वाक्य येते, गॅरेजमध्येही आणि घरीही. या वाक्याचा अर्थ वरवर जितका उघड वाटतो तितका तो उघड नाही, आणि त्याच्या संदिग्धतेची किंमत कधीकधी प्राणांनी मोजावी लागते.

मराठीत ब्रेकच्या संबंधात चार क्रियापदे रूढ आहेत : दाबणे, लावणे, मारणे आणि लागणे. ‘दाबणे’ ही पायाची क्रिया, ‘लावणे’ ही हेतुपूर्वक केलेली क्रिया, ‘मारणे’ ही अकस्मात व जोराने केलेली क्रिया. या तिहींचा कर्ता चालक असतो. ‘लागणे’ मात्र अकर्मक आहे. दार लागते, भूक लागते, तसा ब्रेक लागतो. ‘मारला, पण लागला नाही’ या उद्गारात क्रिया आणि तिचे फळ यांची फारकत भाषेने नेमकी टिपली आहे. परंतु फळ का मिळाले नाही याविषयी ‘लागणे’ हे क्रियापद मौन पाळते, आणि चालकाकडेही बोट दाखवीत नाही. अकर्तृक रचनेची ही सोय बोलणाऱ्यास फार उपयोगी पडते, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की दोष येथे केवळ पळवाटीचा नाही. ज्या चार अगदी भिन्न घटनांना हे एकच वाक्य लावले जाते, त्यांतील भेद सामान्य चालकाला खरोखरच ठाऊक नसतो.

पहिली घटना उष्णतेची. १२०० किलोग्रॅम वजनाची मोटार ३०० मीटर उतरते तेव्हा सुमारे ३५ लाख जूल ऊर्जा कोठेतरी खर्च व्हावी लागते. एवढ्या उष्णतेत अकरा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. सोळा टनांच्या मालमोटारीचा हिशेब केला तर ते पाणी दीडशे लिटर भरते. हा सारा भार ब्रेकवरच टाकला तर त्याचे लायनर तापून त्यांची घर्षणशक्ती उतरते. पेडल पायाला घट्ट लागते, जळका वास येतो, परंतु वेग कमी होत नाही. घाटात ज्या गिअरमध्ये गाडी चढवावी लागते त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, हा जुन्या चालकांचा नियम याच हिशेबावर उभा आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच चाकांना आवरते आणि ब्रेकच्या वाट्यास थोडेच काम उरते. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतारावर सोडण्याची चाल मात्र हे साहाय्य स्वहस्ते टाकून देणारी आहे. त्यातही कोणी इंजिन बंद केले, तर ब्रेकला बळ देणारी पोकळीची यंत्रणा दोनचार दाबांत निकामी होते आणि सुकाणू जड पडते. (‘सुकाणू’ हा शब्द कोशात आहे, गॅरेजमध्ये त्याला कोणी विचारत नाही. नावेचा शब्द मोटारीने स्वीकारला नाही.)

दुसरी घटना ब्रेक ऑइलची. हे नावाने ऑइल असले तरी तेल नव्हे; सामान्यतः वापरला जाणारा हा ग्लायकॉलवर्गीय द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १४० अंशांची आहे. घाटात ब्रेक तापले की असा जुना द्रव उकळतो, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळापर्यंत जाते. येथे पायाला लागते ते घट्ट पेडल नव्हे, तर पोकळ पेडल. सपाट रस्त्यावर वर्षभर निर्दोष चाललेली गाडी घाटातच दगा देते ती यामुळे. द्रव साधारण दोन वर्षांनी बदलणे एवढाच त्यावर उपाय आहे, आणि तो नाशिकात करावयाचा आहे, इगतपुरीस नव्हे.

तिसरी घटना साधी आहे. खोल डबक्यातून गाडी काढली की ब्रेकचे ड्रम ओले होतात आणि पुढची एकदोन दाबणी वाया जातात. सावकाश चालवीत पेडल हलकेच दाबून धरले की घर्षणाच्या उष्णतेने ते वाळतात.

चौथी घटना या सर्वांहून वेगळी, कारण तिच्यात ब्रेक पूर्णपणे ‘लागलेला’ असतो. चाक जागीच जखडते. सुटते ती टायरची रस्त्यावरील पकड. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणगुणांक ०.७ धरला तर ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लागल्यापासून २० मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर तो ०.४ पर्यंत उतरला की हेच अंतर ३५ मीटर होते. भान येऊन पाय पेडलवर जाईपर्यंतच्या एका सेकंदाचे १७ मीटर यांत मिळवावयाचे आहेतच. पहिल्या पावसाच्या सरीत उन्हाळाभर साचलेले तेल आणि धूळ पाण्यात कालवली जाऊन हा गुणांक आणखी घसरतो. मुसळधार पावसापेक्षा मृगाची पहिली भुरभुर अधिक फसवी असते ती या कारणाने.

या ठिकाणी गॅरेजच्या बोलीतील एक शब्द विशेष लक्षणीय आहे. झिजलेल्या टायरला ‘गोटा’ म्हणतात : ‘टायर गोटा झालाय.’ नदीच्या पात्रात घासून गुळगुळीत झालेला दगड तो गोटा. डोक्याचा गोटा करतात तोही याच अर्थाने. परिभाषा घडविणाऱ्या कोणत्याही समितीस इतका समर्पक शब्द सुचला असता की नाही याची शंका वाटते, कारण त्यात रूप आणि धोका दोन्ही आहेत : गोटा पाण्यात निसरडा असतो. शब्दाची उणीव एवढीच की तो शेवटची अवस्था सांगतो, सीमारेषा सांगत नाही. ती सीमा भारतीय नियमांप्रमाणे मोटारीसाठी १.६ मिलिमीटर खोलीच्या खाचांची आहे, आणि खाचांच्या तळाशी ठेवलेले बारीक उंचवटे टायरच्या पृष्ठाशी समतल झाले की ती ओलांडली असे समजावे. डोळ्याला तो टायर अजून ‘गोटा’ दिसत नाही. पाण्याच्या दृष्टीने मात्र तो झालेला असतो. टायरखालचे पाणी बाहेर फेकण्याचे काम या खाचांचे आहे. त्या पुरत नाहीशा झाल्या, की विशिष्ट वेगापुढे टायर रस्त्यावर न टेकता पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर केलेल्या प्रयोगांतून असे आढळले की हा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्या सूत्राने ३२ पौंड हवेला सुमारे ९५ किलोमीटर, तर २० पौंड हवेला सुमारे ७५ किलोमीटर असा वेग येतो. झिजलेल्या टायराच्या मोटारीस तो याहूनही कमी धरावा लागेल. पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, हा ठिकठिकाणी ऐकू येणारा सल्ला यामुळे नेमका उलटा ठरतो.

जादा चाकाची, म्हणजे स्टेपनीची, हवाही याच वेळी पाहून घ्यावी, कारण वर्षभर तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. वेल्समधील लानेथ्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास जे जादा चाक तयार होऊ लागले, त्याचे व्यापारी नाव आपल्याकडे सामान्यनाम होऊन बसले. खुद्द विलायतेत ते लोपले.

चौथ्या घटनेसंबंधी परंपरागत सल्ला ‘ब्रेक दाबत-सोडत राहा’ असा आहे. चाक जखडू नये म्हणून तो दिला जाई आणि जुन्या गाड्यांपुरता तो आजही खरा आहे. परंतु ‘एबीएस’ या नावाने परिचित असलेली यंत्रणा २०१९ पासून भारतातील नव्या मोटारींस सक्तीची झाली, आणि दाबण्या-सोडण्याचे काम ती पायापेक्षा कितीतरी जलद करते. ते चालू असताना पेडल पायाखाली थरथरते. ही थरथर अपरिचित असलेला चालक ती बिघाडाची खूण समजून पाय उचलतो, आणि मागाहून सांगतो, ‘ब्रेक लागला नाही.’ येथे यंत्र बदलले, वाक्य तेच राहिले. अशा गाडीत पेडल शेवटपर्यंत दाबून धरावे आणि सुकाणू मोकळ्या बाजूस वळवावे.

या चार घटनांची ओळख पायाच्या तळव्याला होते. चांगला मेकॅनिक म्हणूनच ‘ब्रेक का लागला नाही’ असे विचारत नाही. पेडल खाली गेले का, घट्ट होते का, थरथरले का, वास आला का, असे विचारतो. वैद्याने दुखण्याचे ठिकाण विचारावे तशी ही रीत आहे. गाडी चालविण्याचे शिक्षण देताना हे प्रश्न आधीच शिकविले, तर चालकाला आपली तक्रार अपघातापूर्वी नेमकी मांडता येईल.

रस्त्यावरील फलकांची भाषा हा निराळा विषय आहे. ‘अपघातप्रवण क्षेत्र’ या फलकातील ‘प्रवण’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘उतरता, कललेला’ असा असल्याने घाटातील उतारावर तो दुहेरी सार्थ ठरतो. पण धावत्या गाडीतून वाचणाऱ्या कितीजणांस तो उमगतो? ‘निसरडा रस्ता’ आणि ‘दरडी कोसळण्याचा धोका’ हे फलक त्या मानाने बोलके आहेत. ‘गतिरोधक’ हा घडविलेला शब्द मात्र आश्चर्यकारकरीत्या रुजला आहे.

पाण्याची खोली सांगताना मराठी माणूस शरीराचा आधार घेतो : घोटाभर, गुडघाभर, कंबरभर, छातीभर, पुरुषभर. नाशिकात तर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरूनच मोजला जातो. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, असे एकमेकांस सांगितले की गावास पुराची कल्पना येते. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षांच्या ऑगस्टमधील पुरांत हीच मापे तोंडोतोंडी झाली. उभ्या माणसासाठी आणि घाटावरील दुकानदारासाठी ही पद्धत उत्तम आहे. मोटारीसाठी ती घातक आहे. ‘गुडघाभरच पाणी आहे, काढा गाडी’ असे काठावरचा माणूस प्रामाणिकपणे सांगतो, कारण तो स्वतः त्यातून चालत आलेला असतो. आता हिशेब पाहावा. लहान मोटारीचा तळ सुमारे ५ चौरस मीटरांचा व जमिनीपासून १८ सेंटिमीटर उंच असतो. तळाच्या वर चढलेल्या दर १० सेंटिमीटर पाण्याने ५०० किलोग्रॅमचा उद्धारक जोर मिळतो. मोटारीचे वजन ९०० किलोग्रॅम धरले तर आणखी १८ सेंटिमीटर, म्हणजे रस्त्यापासून अवघे ३६ सेंटिमीटर पाणी तिला उचलण्यास पुरेसे आहे. प्रौढ माणसाचा गुडघा ४५ ते ५० सेंटिमीटरांवर असतो. उभ्या माणसाच्या पायांमधून पाणी वाहून जाते; बंद दारांची मोटार होडी होते. पाणी वाहते असेल तर चाके पूर्ण सुटण्याची वाटही पाहावी लागत नाही. मालमोटारवाल्यांचे माप ‘अर्धे चाक’ असे असते, पण त्यांचे अर्धे चाक म्हणजे मोटारीचा जवळजवळ दरवाजा, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

पाण्यात ‘गाडी बंद पडली’ तर पुन्हा स्टार्टर मारण्याचा मोह आवरावा. हवेच्या वाटेने सिलिंडरात पाणी गेले असल्यास ते हवेप्रमाणे दाबले जात नाही, आणि दट्ट्याचा दांडाच वाकतो. गाडी तशीच ओढून काढणे स्वस्त पडते.

धुक्याविषयी थोडक्यात. कसारा घाटात पावसाळ्यात जे धुके म्हणून ओळखले जाते ते बहुधा डोंगरावर टेकलेला ढगच असतो. वरचा प्रखर झोत त्याच्या थेंबांवरून परतून चालकाच्याच डोळ्यांत येतो, म्हणून खालचा झोत ठेवावा. चारही दिवे मिचकावीत चालत राहणे हीही चुकीची सवय आहे. त्या खुणेचा अर्थ ‘हे वाहन उभे आहे’ असा असून, तसे करणाऱ्याची वळण्याची खूण मागच्यास दिसेनाशी होते. ‘डिपर’ या शब्दाची गोष्ट तर याहून विचित्र आहे. मूळ इंग्रजी शब्द झोत खाली झुकविण्याचा. भारतीय रस्त्यांवर ‘डिपर देणे’ म्हणजे झोत वर उचलून चमकविणे. विलायतेत समोरच्याने दिवा चमकविला तर तो बहुधा ‘तुम्ही या’ म्हणत असतो, येथे तो ‘मी येतो आहे’ म्हणतो. अरुंद रस्त्यावर, धुक्यात, यांतला कोणता अर्थ घ्यावा याचा निवाडा दिव्यावर सोपविण्याची गरज नाही, कारण भारतातील वाहन चालविण्याच्या नियमांनी तो करून ठेवला आहे : डोंगरी व तीव्र उताराच्या रस्त्यावर दोन वाहनांस एकाच वेळी जागा पुरत नसेल, तर उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्यास आधी जाऊ द्यावयाचे असते.