काचेला न कळलेलं बोट

सप्टेंबर २०२५ मधल्या एका शुक्रवारी नव्या आयफोनसाठी मुंबईत ॲपलच्या बीकेसीतल्या दुकानासमोर पहाटेपासून लागलेली रांग आणि तिथली ढकलाढकली सगळ्यांनी पाहिली. पुण्यात कोरेगाव पार्कचं दुकान उघडून तर तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते. एअर मॉडेलची ५.६ मिलिमीटर जाडी, १२० हर्ट्झची स्क्रीन हे एव्हाना पाठ झालं असेल, म्हणून त्यात शिरत नाही. मला लिहायचंय ते स्क्रीनवर टेकणाऱ्या बोटाबद्दल.

त्याच वर्षी चवथीला वेंगुर्ल्याला जाताना मी आत्यासाठी नवा स्मार्टफोन नेला. आयफोन नव्हे, साधा चौदा हजारांचा. तिच्या बटणांच्या फोनवरचे आकडे पुसून गेले होते आणि म्हापशाला असलेल्या मुलाला तिला व्हिडिओ कॉल करायचा होता. फोन हातात घेऊन तिने आधी पदराने काच पुसली, कौतुकाने उलटसुलट करून पाहिला. मग हिरव्या गोलावर बोट ठेवलं. काही झालं नाही. जरा जोर दिला. तरी नाही. मी त्याच जागी बोट टेकवलं, लगेच कॉल लागला. चार-पाच वेळा असं झाल्यावर फोन माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "ह्येका माझां बोट कळणा नाय गो बाय."

आत्याने बावीस वर्षं काजूच्या कारखान्यात काम केलंय. वाफवलेली बी यंत्रात धरायची, पायाने दट्ट्या दाबून फोडायची आणि टरफलातून गर अख्खा काढायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं. बाया हाताला राख लावतात, खोबरेल लावतात, तरी अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं काळी पडतात, सोलतात, पुन्हा धरतात. आत्याच्या तर्जनीचं टोक हातात घेऊन बघितलं, तर त्यावर रेषाच नाहीत. गुळगुळीत, कडक, मधे एक जुनी भेग. रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण साधा स्पर्शही लागू नये, याचा विचार मी कधी केला नव्हता.

कारण काचेखाली आहे. तिथे इंडियम टिन ऑक्साइडसारख्या पारदर्शक, वीजवाहक पदार्थाची अगदी बारीक जाळी असते आणि तिच्यात सतत हलकंसं विद्युत क्षेत्र खेळत असतं. आपल्या शरीरात पाणी आणि क्षार असल्यामुळे बोट जवळ आलं की त्या क्षेत्रातला थोडा भाग ते ओढून घेतं. जाळीत नेमका कुठे फरक पडला हे चिप मोजते. म्हणून या स्क्रीनला दाबावं लागत नाही आणि म्हणूनच नख, काडी, पेनाचं टोपण तिला दिसत नाही. घट्टे पडलेल्या बोटावर मेलेल्या, कोरड्या कातडीचा जाड थर असतो. आतलं ओलसर मांस काचेपासून तेवढं लांब राहतं, कडक टोक काचेला टेकतंही जेमतेम, आणि फरक इतका क्षीण पडतो की चिप त्याला गोंगाट समजून सोडून देते. पावसात उलट होतं. पाण्याचा थेंब स्वतःच वीजवाहक, त्यामुळे कधी नको तिथे स्पर्श उमटतो, तर कधी खरा स्पर्शच हरवतो.

जुन्या स्क्रीनला हा प्रश्न नव्हता. नोकियाने २००८ मध्ये आणलेल्या ५८०० एक्सप्रेसम्युझिकची स्क्रीन दाबावर चालायची. दोन थर, मधे फट, दाबलं की एकमेकांना टेकणार. नखाने चालवा, काडीने चालवा. त्याच वर्षी २२ ऑगस्टला आयफोन थ्री-जी भारतात आला, ८ जीबीचा एकतीस हजारांना, आणि पुढच्या काही वर्षांत दाबाची स्क्रीन मागे पडली. चित्र सुंदर झालं, दोन बोटांनी फोटो मोठा करता यायला लागला. हा फायदा मोठा आहे, तो मी नाकारत नाही.

या तंत्राच्या मुळाशी असलेला एक माणूस मात्र माझ्या मनातून जात नाही. स्पर्श ओळखणारी स्क्रीन त्याच्याही आधीची. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रडार संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच विमान वाहतूक नियंत्रकांसाठी ती मांडली होती. पण अनेक बोटं एकाच वेळी ओळखण्याचं जे काम आज आपल्या खिशात आहे, त्यातला मोठा वाटा वेन वेस्टरमन यांचा. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात पीएचडी करत असताना टाइप करून करून त्यांचे हात इतके दुखायला लागले की कळ दाबणं नकोसं झालं. म्हणून प्राध्यापक जॉन इलायस यांच्यासोबत त्यांनी नुसतं बोट टेकवलं तरी चालेल असा पृष्ठभाग तयार केला. त्यातून फिंगरवर्क्स ही कंपनी निघाली, २००५ मध्ये ॲपलने ती घेतली आणि जानेवारी २००७ मध्ये जगाने पहिला आयफोन पाहिला. दुखऱ्या हाताला जोर लावावा लागू नये म्हणून झालेलं हे काम. आत्याचा हातही कामानेच झिजलाय, आणि तिच्यापर्यंत ते पोचलेलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ते पोचवता येतं. किती क्षीण फरकाला स्पर्श म्हणायचं, ती पातळी कुणीतरी बसून ठरवलेली असते आणि ती खाली आणता येते. २०१२ च्या नोकिया लुमिया ९२० वर हातमोजे घालून, अगदी नखानेसुद्धा काम व्हायचं. वनप्लस १२ ओल्या स्क्रीनवरही बोट ओळखतो. काही फोनमध्ये काचेवर संरक्षक काच लावणाऱ्यांसाठी स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोय असते. सेटिंगमध्ये ती इतकी आत असते की दुकानदारालाही ठाऊक नसते, आणि घट्ट्यांच्या हातांसाठी म्हणून तिची जाहिरात करताना मी कुणाला पाहिलेलं नाही. ज्या देशात एवढी माणसं हातांनी कष्ट करतात, तिथे ती फोन सुरू करतानाच समोर यायला हवी. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी फोन घेणार असाल तर त्यांना दुकानात सोबत न्या, मांडलेल्या फोनवर त्यांचं बोट टेकवून बघा, आणि मगच पैसे द्या.

आत्याच्या फोनमध्ये ती सोय शोधायला मला दुसरा दिवस लागला. सुरू केल्यावर तर्जनी तीनातून दोनदा लागायला लागली. पण तोवर तिने आपली वाट काढली होती. काजू धरताना करंगळी कामाला येत नाही, त्यामुळे तिचं टोक मऊ राहिलंय, रेषाही शाबूत आहेत. संध्याकाळी आरतीनंतर पडवीत बसून, डाव्या हातात फोन आणि उजव्या हाताची बाकीची बोटं मिटून, तिने करंगळीने म्हापशाला कॉल लावला. नातवंडांचे चेहरे आले तशी ती त्याच करंगळीने त्यांचे गाल चाचपू लागली आणि कॉल बंद पडला. तिने पुन्हा लावला.