एमबीए मनात धरून अभियांत्रिकीचा प्रवेश

एमएचटी-सीईटीचा निकाल लागून केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजेच कॅपच्या, फेऱ्या सुरू झाल्या की घरोघरी कॉलेज मोठे की ब्रांच मोठी यावर खल चालतो. परंतु ज्याला बी.टेक.नंतर आयआयएममध्ये जायचे आहे त्याने चार वर्षांत आपले गुण कुठे टिकतील, हेही तेव्हाच पाहावे लागते.

आयआयएमच्या प्रवेशासाठी होणाऱ्या कॅट परीक्षेला बसण्यास कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि खुल्या प्रवर्गाला 50 टक्के गुण पुरतात. मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवताना मात्र अहमदाबाद आणि बंगळूर येथील संस्था कॅटच्या गुणांसोबत दहावी, बारावी व पदवीचे गुण आणि नोकरीचा अनुभव यांचा हिशेब करतात. त्यात कॉलेजच्या नावाला वेगळे गुण नसतात. त्यामुळे सीओईपी किंवा व्हीजेटीआयमधून जेमतेम निभावलेल्या विद्यार्थ्यापेक्षा एखाद्या साध्या कॉलेजातून उत्तम सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांच्या श्रेणिगुणांची भारित सरासरी, घेऊन आलेला विद्यार्थी निदान या टप्प्यावर सरस ठरू शकतो.

यावरून गुणांची खैरात करणारे कॉलेज गाठावे असे वाटेल, पण तो हिशेब अर्धाच आहे, कारण अनुभव म्हणून पदवीनंतरची पूर्णवेळ नोकरीच धरली जाते, इंटर्नशिप नव्हे, आणि पहिली नोकरी बहुधा कॉलेजात येणाऱ्या कंपन्यांवरच अवलंबून असते. म्हणून माहितीपत्रकावर झळकणाऱ्या सर्वोच्च पॅकेजऐवजी मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडलेल्या पगारांतला अगदी मधला आकडा, विचारावा. किती विद्यार्थ्यांनी नोंदणी केली, कितींना नोकरी लागली आणि कोणत्या कामाची, हेही प्लेसमेंट विभागाच्या बातमीपेक्षा नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांकडून अधिक नीट कळते.

ब्रांचचे गणित निराळे आहे. मुलाखतीत पदवीच्या विषयांवर खोदून विचारले जाते, आणि थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम साध्या शब्दांत सांगताना मेकॅनिकलचा पदवीधर अडखळला, तर गुणपत्रिकेवरचा नऊचा सीजीपीएही त्याला फारसा तारत नाही. अभियांत्रिकीची गोडीच नसेल तर एमबीएची पायरी म्हणून ही चार वर्षे काढणे महागात पडते. इंदूरच्या आयआयएमने तर 2011 पासूनच बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक व्यवस्थापन अभ्यासक्रम सुरू केलेला आहे.

हा सगळा विचार पसंतीक्रम भरण्यापूर्वीच व्हायला हवा, कारण कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप निश्चित होते, आणि ती नाकारणाऱ्याला पुढच्या कॅप फेऱ्यांत भाग घेता येत नाही.