कठड्याची किंमत मीटरवर ठरत नाही

कुंभकोणमहून तिरुवारूरकडे जाताना नाचियार्कोविल हे छोटे गाव लागते. दोन गोष्टींसाठी ते प्रसिद्ध आहे: पितळी समया आणि कल्गरुड. श्रीनिवास पेरुमाळांच्या देवळातील ही पाषाणाची गरुडमूर्ती वर्षातून दोनदा, मार्गळी आणि पंगुनी या महिन्यांत, मिरवणुकीसाठी बाहेर काढतात. गर्भगृहाजवळून निघताना तिला चार जणांचा खांदा पुरतो. पुढे आठ, सोळा, बत्तीस आणि देवळाबाहेर पडताना चौसष्ट जण लागतात. परतताना ही संख्या त्याच क्रमाने उतरते. गरुडाचे वजन पावलागणिक वाढते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

श्रद्धेचा अर्थ लावणे हा माझा अधिकार नाही. परंतु त्या मिरवणुकीहून परतताना, एका बाजूला चिंचेची जुनी झाडे आणि दुसऱ्या बाजूला काठोकाठ भरलेला कालवा अशा अरुंद रस्त्यावरून गाडी धावू लागली, तेव्हा माझ्या मनात आले की रस्त्यावर हा चमत्कार रोज घडतो. वाहनाचे वजन तेच राहते. पण वेग दुप्पट झाला की त्याच्या धडकेतील ऊर्जा चौपट होते. ती पेलणारे खांदे कोणते, हे ठरविणे शासनाचे काम आहे. ते आपण नीट करीत नाही.

हे मी दुरून सांगत नाही. सुमारे दोन दशकांपूर्वी, एका जिल्ह्यात असताना, एका राज्यमार्गाच्या सुधारणेच्या अहवालावर मी सही केली होती. सुरक्षा कठडा हा त्यातील एक बाब क्रमांक होता: इतके मीटर, दर मीटरला इतका दर, निविदा सर्वांत कमी दराची. काम नियमानुसार झाले होते. काही महिन्यांनी एक जीप पुलाजवळ रस्ता सोडून खाली गेली. मी पाहणीला गेलो. लोखंडी कठडा पुलाच्या दगडी कठड्याच्या काही पावले अलीकडेच संपला होता आणि जीप नेमकी त्या फटीतून गेली होती. मंजूर मीटर तेथे संपले होते. फायलीत त्रुटी नव्हती, रस्त्यावर होती. त्या सहीचा विसर मला आजही पडलेला नाही.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी यांचा अंत झाला. मागच्या आसनावरील पट्ट्याची चर्चा तेव्हा खूप झाली आणि ती योग्यच होती. मात्र वेगाने येणाऱ्या वाहनासमोर काँक्रीटचे उघडे टोक का असावे, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस दुभाजकावर आदळून उलटली, पेटली आणि २५ प्रवासी होरपळून मेले. रस्त्याकडेची प्रत्येक उभी वस्तू रक्षक असते किंवा घातक. ती नुसती शोभेची कधीच नसते.

म्हणून कठडा निवडताना पहिला प्रश्न असा, की तो हवाच कशाला? धोका हटविता येतो का, दूर नेता येतो का, धडकेने सहज मोडून पडेल असा खांब बसविता येतो का? यांपैकी काहीच शक्य नसेल तेव्हा कठडा. कारण कठडा हाही एक अडथळाच आहे. त्यावर आदळणे हे झाडावर वा कालव्यात जाण्यापेक्षा कमी वाईट, एवढेच त्याचे समर्थन.

दुसरा प्रश्न: तो कोणाला अडविणार? युरोपीय मानक ईएन १३१७ मध्ये याचे उत्तर प्रत्यक्ष धडक-चाचणीने दिले जाते. ‘एन-२’ दर्जासाठी दीड टनाची मोटार ताशी ११० किलोमीटर वेगाने, वीस अंशांच्या कोनात आदळवतात. ‘एच-२’ साठी तेरा टनांची बस ताशी ७० किलोमीटरने. कठड्याच्या दिशेने येणारी ऊर्जा बसच्या बाबतीत मोटारीच्या सुमारे साडेतीन पट भरते. ‘एच-४’ दर्जाच्या कठड्याला अडतीस टनांचा जोडट्रक पेलावा लागतो. तेथे ती जवळपास नऊ पट होते. मोटारीसाठी सिद्ध झालेला पत्रा घाटात बस अडवील, ही अपेक्षा म्हणजे चार खांद्यांवर चौसष्टांचा भार.

तिसरा प्रश्न जागेचा. तारांच्या दोरखंडाचा कठडा धडकेने बराच झुकतो आणि त्यामुळे प्रवाशाला बसणारा हिसका सौम्य असतो. परंतु झुकायला मागे मोकळी जागा हवी. दुहेरी वळणाचा लोखंडी पत्रा मध्यम झुकतो. काँक्रीटची भिंत जवळपास हलत नाही. अरुंद दुभाजकावर ती योग्य, पण तिचा आघात कठोर. कठड्यामागे हातभर अंतरावर दिव्याचा खांब उभा असेल, तर झुकणारा कठडा तेथे निरुपयोगी ठरतो. शिवाय २०२२ च्या मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. पत्र्याखालच्या फटीतून घसरत जाऊन खांबावर आदळणाऱ्या या स्वाराचा विचार आपल्या निविदांत क्वचितच दिसतो.

नाचियार्कोविलच्या समया एकसंध ओतलेल्या नसतात. बैठक, दांडा, तेलाचे ताट आणि शिखर वेगवेगळे ओतून आट्यांनी जोडतात. एक आटा ढिला राहिला तर समई डोलते आणि तेल सांडते. कठड्याचेही तसेच. पत्रा, खांब, मधला ठोकळा, बोल्ट, जमिनीतील खोली आणि दोन्ही टोके मिळून तो कठडा होतो. पत्र्यांची जोड वाहतुकीच्या दिशेनेच एकमेकांवर यावी लागते, नाहीतर घासत येणारे वाहन तिच्या कडेत अडकते. माशाच्या शेपटीसारखे उघडे सोडलेले टोक तर भाल्यासारखे मोटारीत घुसते. चाचणी पूर्ण रचनेची झालेली असते. आपण खरेदी करतो सुटे भाग.

कारखान्यांतही हेच घडते. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्रांभोवतीच्या कुंपणाची, जिन्यांच्या कठड्यांची आणि जमिनीतील खड्डे झाकण्याची जबाबदारी मालकावर टाकली. पण माणूस पडू नये म्हणून लावलेला कठडा आणि मालवाहू फोर्कलिफ्ट अडविण्यासाठीचा कठडा या भिन्न वस्तू आहेत. दोन्हींना एकच पिवळा रंग दिला म्हणजे त्यांचे बळ सारखे होत नाही.

नियमांचा आपल्याकडे तुटवडा नाही. भारतीय रस्ते काँग्रेसने २०१५ मध्ये कठड्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका, आयआरसी ११९, काढली. कोइम्बतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांच्या २०१२ च्या याचिकेतून सर्वोच्च न्यायालयाची रस्ता सुरक्षा समिती आली. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीतील कलम १९८-अ ने सदोष रस्त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा, कंत्राटदार वा सल्लागार यांना दंड ठेवला. तो मात्र कमाल एक लाख रुपये. नवे प्रयोगही होत आहेत. २०२३ मध्ये वणी-वरोरा महामार्गावर दोनशे मीटर लांबीचा बांबूचा कठडा उभा राहिला. त्याचे स्वागत व्हावे. परंतु बांबू असो वा पोलाद, कोणत्या वाहनाच्या, कोणत्या वेगाच्या चाचणीत तो उतरला, हे फलकावर लिहिलेले असावे.

माझ्या मते तीन बदल पुरेसे आहेत. निविदेत ‘मीटर’ऐवजी ठिकाण, चाचणीचा दर्जा, झुकण्याची जागा आणि टोकांची रचना लिहावी. काम पुरे झाल्याचा दाखला स्वतंत्र सुरक्षा परीक्षकाने रस्त्यावर चालून द्यावा. आणि धडकेने वाकलेला कठडा किती दिवसांत बदलायचा, हे करारात असावे; वाकलेला कठडा दुसऱ्या धडकेला उपयोगी पडत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जण दगावले होते. कठडे, उघडे खांब आणि टोके एकेक तपासून दुरुस्त करण्याबरोबरच अंमलबजावणी व तातडीचे उपचार यांवर भर दिल्यावर २०१९ मध्ये ही संख्या शंभराच्या आत आली. हे याच देशात झाले.

तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांतलेच. वाटसरू सुखरूप पोहोचावा ही राज्यकर्त्याची जबाबदारी आहे, हे त्यांना कोणत्या मार्गदर्शिकेने शिकविले नव्हते. आपल्याजवळ मार्गदर्शिका आहेत. पुलाजवळची ती काही पावलांची फट तेवढी भरायची राहिली आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)