नव्या कंपनीत कामाला जाताना डब्यात पीठ किती, ते विचारा



आज आपण स्टार्टअपबद्दल बोलणार आहोत. हा शब्द आता आपल्याही कानावर रोज पडतो. टिटवाळा, वासिंद, शहापूर, मुरबाड या बाजूच्या आणि कल्याण-डोंबिवलीला लागून असलेल्या गावांतल्या कितीतरी मुली आणि सुना शिकून ठाण्याला कामाला जातात. कुणी वागळे इस्टेटमध्ये, कुणी घोडबंदर रोडला, कुणी भिवंडीच्या गोदामात. यातल्या बऱ्याच जागा अशा नव्या कंपन्यांच्या असतात.

आमच्या गटांतल्या सहा जणी ठाण्यातल्या अशाच एका कंपनीत होत्या. कंपनीचं नाव सांगत नाही, नावाशी आपल्याला काम नाही. फोनवर ऑर्डर घ्यायची आणि चिरलेली भाजी, मोड आलेली कडधान्यं घरपोच द्यायची, असा तो धंदा. दोन वर्षं चालला आणि बंद पडला. त्यानंतर आम्ही सगळ्या दोन बैठका फक्त याच विषयावर बसलो. काय मिळालं, काय बुडालं, आणि पुढची मुलगी अशा कंपनीत निघाली तर तिला काय सांगायचं, याचा हिशेब मांडला. तोच तुमच्यापुढे ठेवतो.

आधी स्टार्टअप म्हणजे काय ते बघू. गावातलं किराणा दुकान घ्या. दुकानदार माल आणतो, चार पैसे चढवून विकतो आणि त्या चार पैशांत घर चालवतो. स्टार्टअपचं तसं नसतं. तिथे एखादी नवी कल्पना असते आणि ती लवकर मोठी करायची असते. म्हणून गुंतवणूकदारांकडून पैसे घेतात आणि सुरुवातीची काही वर्षं ठरवून तोटा सोसतात. समजा, भाजीचा एक डबा तयार करून ग्राहकाच्या दारात पोचवायला ८५ रुपये खर्च येतो आणि तो ६९ रुपयांना विकला जातो. प्रत्येक डब्यामागे १६ रुपये गेले. ऑर्डर वाढल्या की तोटाही वाढला. ग्राहकाला एकदा सवय लागली की भाव वाढवू, खर्च कमी करू, असा मालकाचा हिशेब असतो. कधी तो जमतो, कधी जमत नाही.

यात फसवणूक नाही. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१६ ला स्टार्टअप इंडिया ही योजना सुरू केली, ती अशा धंद्यांना बळ द्यायलाच. २०१८ मध्ये महाराष्ट्रानेही आपलं स्टार्टअप धोरण आणलं. पण कामाला जाणाऱ्या बाईने एक गोष्ट ओळखून असावी. इथला पगार विक्रीतून येतोच असं नाही, तो बरेचदा गुंतवणूकदाराने दिलेल्या पैशातून येतो.

म्हणून आमचा पहिला धडा असा, की डब्यात पीठ किती महिन्यांचं आहे ते विचारा. कंपनीकडे १२ लाख शिल्लक आहेत आणि कमाई वजा जाता दर महिन्याला २ लाख जास्तीचे खर्च होतात, तर सहा महिने निघतील. पुढे नवा पैसा आला नाही तर चूल बंद. हे विचारायला लाजू नका. कमाईतून खर्च निघतो का, पुढचा पैसा कधी यायचा आहे, एवढं नोकरीच्या बोलणीतच विचारता येतं. कुणी खरा आकडा सांगणार नाही. तरी नीट उत्तर देतात की विषय टाळतात, त्यावरूनही कळतं. पुढे लक्षणंही दिसतात. पगार ७ तारखेचा १५ तारखेवर जातो. भाजीवाला उधार द्यायचं बंद करतो. सोडून गेलेल्या माणसाच्या जागी नवं माणूस येत नाही. आमच्या सहा जणींना हे सगळं बंद पडण्याच्या तीन महिने आधी दिसलं होतं. त्यातल्या दोघींनी तेव्हाच दुसरीकडे काम बघायला सुरुवात केली, त्यांचा एकही महिना रिकामा गेला नाही.

दुसरा धडा कागदाचा. कंपनी बंद झाली तेव्हा सगळ्यांचाच शेवटचा पगार अडकला. पण चौघींकडे नेमणूकपत्र होतं, पगार बँकेत जमा होत होता आणि पीएफ कापला जात होता. त्यांना मागणी करायला आधार होता आणि पीएफचे पैसे तर सुरक्षितच होते. दोघींना मात्र "थोडे दिवस रोखीने घ्या, मग कायम करू" असं सांगून ठेवलं होतं. त्यांना आधी आपण तिथे कामाला होतो हेच पटवून द्यावं लागलं. हजेरीचे फोनवरचे निरोप आणि गटाच्या वहीतल्या बचतीच्या नोंदी दाखवून त्यांनी ते पटवलं. पैसे मिळायला सात महिने लागले.

आता कायदा काय म्हणतो ते लिहून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवे कामगार कायदे लागू झाले आहेत. त्यानुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावं लागतं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. नोकरी सोडली, काढून टाकलं किंवा कंपनी बंद पडली, तर राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा आहे. २० किंवा जास्त माणसं असतील तिथे पीएफ लागू होतो. पीएफ कापतात म्हणजे भरतातच असं धरू नका. तुमचा बारा आकडी यूएएन नंबर मागून घ्या आणि पैसे जमा होतात का ते दर तिमाहीला मोबाइलवर बघा. पगार थकला तर ठाण्यात कामगार विभागाचं कार्यालय आहे, तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तिसरा धडा शेअरच्या आश्वासनाचा. काही कंपन्या म्हणतात, पगार थोडा कमी घ्या, आम्ही तुम्हाला कंपनीचे शेअर देऊ. ऐकायला गोड वाटतं. पण हा हिस्सा हातात यायला कायद्यानेच किमान एक वर्ष थांबावं लागतं, आणि बरेचदा तो चार वर्षांत थोडा थोडा मिळतो. त्याचे पैसे तेव्हाच होतात, जेव्हा तो विकत घेणारा कुणी भेटतो. किराणा, शाळेची फी, गटाचा हप्ता हे शेअरवर भागत नाही. घर चालेल इतका पगार रोख मिळत असेल, तरच वरच्या हिश्शाला हो म्हणा, आणि तोही कागदावर घ्या.

चौथा धडा आमच्या पदरात पडलेला सगळ्यात मोठा फायदा आहे. नव्या कंपनीत माणसं कमी असतात, त्यामुळे सगळ्यांना सगळं करावं लागतं. आमची एक सखी भाजी निवडायला गेली होती. सहा महिन्यांत ती फोनवर तक्रारी घेत होती, वर्षभरात मालाचा हिशेब कॉम्प्युटरवर ठेवत होती. मोठ्या कंपनीत हे शिकायला पाच-सात वर्षं गेली असती. म्हणून जाल तिथे आपलं काम झालं की शेजारचं काम बघा. माल कुठून येतो, भाव कसा ठरतो, परत आलेल्या मालाचं काय करतात, हे सगळं वहीत टिपत जा. कंपनी बुडाली तरी हे बुडत नाही.

मात्र "आपण सगळे घरचेच" म्हणत रात्री नऊपर्यंत थांबवून घेणं वेगळं. कसाऱ्याकडची गाडी चुकली की पुढचीला किती वेळ आहे, हे ठाण्यात राहणाऱ्या साहेबाला माहीत नसतं, ते आपणच सांगायचं. कामाचे तास आणि उशीर झाला तर घरी सोडायची सोय आधीच बोलून ठेवा. आणखी एक. १० किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती नेमणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार देता येते. लहान ऑफिस आहे म्हणून दाद मागायला जागा नाही, असं नाही.

पाचवा धडा आपल्या गटांसाठी. तेव्हा स्टार्टअप हा शब्द नव्हता, पण १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी असाच नवा धंदा सुरू केला होता. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. तोच आजचा लिज्जत पापड. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम थांबलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी, असं करून भर पावसात काम चालू ठेवलं. सुरुवातीला त्या चांगला आणि हलका असे दोन प्रकारचे पापड करत. छगनबापा पारेख यांनी सांगितलं, की एकच चांगला पापड करा आणि हिशेब चोख ठेवा. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. कुणाकडून देणगी घ्यायची नाही, हेही त्यांनी ठरवलं होतं.

त्यांनी पैसा आला तेवढंच पाऊल टाकलं. पीठ मिळतं, बाई घरी पापड लाटते, दुसऱ्या दिवशी ते तपासून घेतात आणि मजुरी हातात पडते. नफा-तोटाही सगळ्या बहिणींचा मिळून. पगार कुठून येतो हे तिथे कुणाला विचारावं लागत नाही. आपल्या डोंबिवलीत कारखाना असलेल्या विको कंपनीचीही १९५२ मधली सुरुवात लहानच होती. केशव पेंढरकर आणि त्यांच्या घरच्यांनी दंतमंजन दारोदार जाऊन विकलं. डोंबिवलीचं पेंढरकर कॉलेज त्यांच्याच नावाचं.

म्हणजे मोठं होण्याच्या दोन वाटा आहेत. एक दुसऱ्याच्या पैशावर धावायची, दुसरी आपल्या कमाईवर चालायची. नोकरी पहिल्या वाटेवरच्या कंपनीत करायला हरकत नाही, तिथे शिकायला खूप मिळतं. पण आपल्या गटाचा मसाला असो, लोणचं असो की नाचणीचे लाडू, तो धंदा दुसऱ्या वाटेने न्यावा असं आम्हाला वाटतं. एका पाकिटामागे खरा खर्च किती, हे आपल्या मजुरीसकट मांडून बघा. तोट्यात जात असेल तर ऑर्डर वाढवू नका, आधी भाव किंवा खर्च ठीक करा.

पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटातल्या किती जणींच्या घरातलं माणूस नव्या कंपनीत कामाला आहे, ते विचारा. नेमणूकपत्र आहे का, पगार बँकेत येतो का, यूएएन नंबर माहीत आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा. जिचं उत्तर नाही असेल, तिच्याबरोबर बसून एक साधं पत्र लिहा आणि ती नोकरीत आहे तोवरच ते द्यायला लावा. कंपनी बंद पडल्यावर ते पत्र द्यायला तिथे कुणी सापडत नाही.