नवी मोटार : किती जपावी, किती उघडावी?

वसंताच्या या ज्ञानसत्रात काल संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या अर्थकारणावर व्हायचे आहे, आणि मध्येच हे गॅरेज कोठून उपटले, असा प्रश्न कोणा श्रोत्याच्या मनात आला असल्यास नवल नाही. पण सभागृहाबाहेर ज्या मोटारी दाटीवाटीने उभ्या आहेत, त्या पाहूनच आम्हांस हा विषय सुचला. त्यांतील पुष्कळशा पाच-सहा वर्षांच्या आतल्या दिसतात. अशा गाड्यांच्या मालकांत ढोबळमानाने दोन पंथ आहेत. एक म्हणतो, ‘गाडी नवी आहे, तिला काय धाड भरली आहे?’ दुसरा, गॅरेजातून फोन आला की गाडी नेऊन उभी करतो आणि तेथील माणूस जे जे सांगेल त्यावर मान डोलावून सही करतो. आम्ही आळीपाळीने या दोन्ही पंथांचे अनुयायी होऊन चुकलो आहोत. त्याचे फळ आंबेनळी घाटात कसे पदरात पडले, ते पुढे येईलच.

१९६० नंतरच्या दशकात आमच्या वडिलांकडे फियाट ११०० होती. रविवारची सकाळ म्हणजे फियाटची सकाळ. वडील धोतर बदलून जुनी विजार चढवीत, ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरत, आणि आम्ही मुलांनी कंदील धरावा तशी बॅटरी धरून बसावे. पॉइंट घासायचे, त्यांतील फट पातळ पट्टीने मोजायची, प्लग काढून काजळी खरवडायची, कार्ब्युरेटरला कान लावून स्क्रू पाव फेरा इकडे की तिकडे याचा निर्णय करायचा. दर दोन-तीन हजार किलोमीटरला इंजिनाचे ऑइल बदलायचे. हे सारे छंद म्हणून नव्हते. त्या यंत्राची रचनाच अशी होती की एका महिन्यात त्याचा मेळ बिघडे, आणि तो हाताने पुन्हा बसवावा लागे. वडिलांच्या पिढीने ‘गाडी वरचेवर उघडली तर टिकते’ असा जो सिद्धांत बांधला, तो त्या गाड्यांपुरता अगदी खरा होता.

तो आता खरा राहिलेला नाही, आणि का राहिलेला नाही हे समजून घेतले पाहिजे. पॉइंट गेले; ठिणगी केव्हा पडावी हे इलेक्ट्रॉनिक मेंदू ठरवितो. कार्ब्युरेटर गेला, पेट्रोल मोजून फवारणारी नळी आली आणि प्रत्येक क्षणी धुराड्यातील प्राणवायू तपासून ती आपली मात्रा आपणच दुरुस्त करते. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हापासून प्लगवर शिशाची पुटे चढणे थांबले. १ एप्रिल २०२० पासून जे इंधन मिळते त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले आहे. गंधक कमी म्हणजे ऑइलमध्ये उतरणारे आम्लही कमी. ग्रीस भरण्याची भोके बुजली, सांधे कायमचे बंद झाले. म्हणून आजच्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत १० ते १५ हजार किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असे अंतर छापलेले असते. हे वाचून जुन्या माणसांचा जीव खालीवर होतो. ‘पाच हजाराला एकदा दाखवून आणलेली बरी,’ असे ते म्हणतात. दाखवून आणण्यात तोटा तो काय?

तोटा असतो, हे दुसऱ्या महायुद्धात एका जीवशास्त्रज्ञाने दाखवून दिले. सी. एच. वॉडिंग्टन हे त्यांचे नाव. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडकडे पाणबुड्यांचा माग काढणारी विमाने होती. वॉडिंग्टन व त्यांचे सहकारी त्यांच्या कामाचे गणित तपासत होते. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर विमान कसून तपासले जाई. या सुमारास अचानक उद्भवणाऱ्या बिघाडांची त्यांनी नोंद मांडली. तपासणीनंतर लगेच बिघाड अगदी कमी असावेत आणि पुढे तासांगणिक वाढत जावेत, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. आकडे उलटे निघाले! बिघाड तपासणीनंतर लगेच सर्वांत अधिक, आणि पुढे हळूहळू कमी होत गेलेले. याचा अर्थ उघड होता: ठाकठीक चाललेले यंत्र उघडून पुन्हा जोडताना माणूस त्यात नवे दोष घालून ठेवीत होता. कोठे नट अर्धा पिळलेला, कोठे तार ताणलेली, कोठे वायसर उलटा बसलेला. हा वृत्तांत पुस्तकरूपाने १९७३ साली प्रसिद्ध झाला. पुढे युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी १९७८ साली एक अहवाल लिहिला. विमानाच्या भागांपैकी केवळ सुमारे ११ टक्के भाग असे निघाले की ज्यांना वयोमर्यादा ठरवून बदलण्यात काही अर्थ आहे. बाकीच्या ८९ टक्क्यांचे बिघडणे वयावर अवलंबून नव्हते. आणि त्यांतल्या कित्येकांची बिघडण्याची शक्यता नवे बसविल्यावरच सर्वांत जास्त होती.

मोटार म्हणजे विमान नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. पण ही दृष्टी जशीच्या तशी उपयोगी पडते. आता प्रश्न ‘सर्व्हिसिंग किती वेळा?’ असा सबगोलंकार उरत नाही. ‘या गाडीत वयाने किंवा वापराने खात्रीने झिजणारे काय आहे, आणि ते कशाने झिजते, किलोमीटरने की कॅलेंडरने?’ असा होतो.

इंजिन ऑइल घ्या. त्यात नुसते तेल नसते; मळ धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, गंज रोखणारी द्रव्ये मिसळलेली असतात, आणि संपतात ती ही द्रव्ये. पुणे ते नागपूर एका दमात धावलेली गाडी ऑइलला फारसा त्रास देत नाही. खरा त्रास देते ती घरापासून मंडईपर्यंत दीड किलोमीटर जाऊन परत येणारी गाडी. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक पाणी वाफ होऊन धुराड्यातून निघून जाते. थोडे इंजिनाच्या पोटात उतरते. इंजिन चांगले तापले तर तेही उडून जाते. पण दीड किलोमीटरात ऑइल तापतच नाही, आणि पाणी व न जळलेले पेट्रोल तेथेच साठत राहते. म्हणूनच पुष्कळ पुस्तिकांच्या मागच्या पानांवर ‘कठीण वापर’ असा एक निराळा तक्ता असतो. आडवळणी खाणीतले ट्रक डोळ्यांपुढे आणून आपण तो उलटून टाकतो. पण त्यात धूळ, घाट, वाहनांच्या गर्दीत थांबत-थांबत चालणे आणि छोट्या फेऱ्या हेच लिहिलेले असते. म्हणजे शहरातील सुखवस्तू गाडीचा दिनक्रमच! ‘आमची गाडी फार कमी चालते हो’ असे म्हणणाऱ्याने ऑइल किलोमीटरची वाट न पाहता वर्षाला बदलावे, हे विधान दिसते विचित्र, पण त्याचे कारण हे असे आहे.

आता घाटाची गोष्ट. आमची गाडी तीन वर्षांची आणि तीन वर्षांत जेमतेम ११ हजार किलोमीटर चाललेली. दुसऱ्या वर्षीच्या सर्व्हिसिंगला आम्ही इंजिन धुण्याचे औषध, वातानुकूलन यंत्राला सुगंधी उपचार आणि दिव्यांना चकाकी, असे सारे मुकाट्याने करून घेतले होते. बिल पाहून घरात जी चर्चा झाली तिचा परिणाम म्हणून तिसऱ्या वर्षी गाडी गॅरेजात नेलीच नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे असे पुस्तिकेत होते. त्याची आठवण ना गॅरेजवाल्याने केली, ना आम्ही. पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद होती.

मे महिन्यात महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरत होतो. गाडीत मातुःश्री धरून पाच माणसे आणि स्ट्रॉबेरीच्या जॅमच्या बाटल्या. जो गिअर चढायला तोच उतरायला, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम माहीत असूनही आम्ही वरच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून खुशाल उतरत होतो. एका वळणावर ब्रेकचा पॅडल भिजल्या कापसासारखा मऊ लागला. पुढच्या वळणावर तो थेट तळाला गेला. गिअर खाली पाडला, हँडब्रेक हळूहळू ओढला, आणि डोंगराच्या बाजूची माती चाकांना लागली तेव्हा गाडी थांबली. मातुःश्री एवढेच म्हणाल्या, ‘चहाला थांबलास का रे?’ आम्ही ‘हो’ म्हटले. पाऊण तासाने पॅडल आपोआप पूर्ववत कडक झाला, हे त्याहून भयंकर वाटले. पोलादपूरच्या मिस्त्रींनी बरणीचे झाकण उघडून काळपट ऑइल पाहिले आणि म्हणाले, ‘काका, ह्यानं पाणी प्यायलंय.’

मिस्त्रींचे निदान शास्त्राला धरून होते. ब्रेकचे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. रबरी नळ्यांतूनही तो हळूहळू आत झिरपतो. डॉट ३ जातीचे ताजे ऑइल निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ती मर्यादा १४० वर आलेली चालते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांबलचक उतारावर ब्रेक तापतात, ऑइल उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. गार झाले की वाफेचे पुन्हा पाणी, आणि पॅडल कडक. गाडी किती धावली याचा येथे काहीएक संबंध नाही. दारात उभी राहूनही ती हे पाणी पीतच होती, आणि कोकणपट्टीत तर अधिक वेगाने पिते.

कॅलेंडरने म्हातारे होणारे दुसरे प्रकरण रबराचे. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झाल्या की कायद्यानेच टायर बाद. पण खाचा शाबूत असूनही कडेला चिरा पडल्या असतील तर तोही बादच समजावा. इंजिनात टायमिंगचा पट्टा रबरी असेल तर पुस्तिकेत दिलेल्या वर्षांपुढे एक महिनाही जुगार खेळू नये. तो तुटला तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची टक्कर होते. साखळी असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही. कूलंटमधील गंजरोधक द्रव्य काही वर्षांनी संपते. तोवर नळाचे पाणी घालून त्याची चव बिघडवू नये. बॅटरी तीन ते पाच वर्षे.

एअर फिल्टरवर मात्र उगाच अन्याय होतो. दर खेपेस तो काढून हवेने फुंकण्याची आपल्याकडे चाल आहे. थोडी धूळ बसलेला कागद उलट अधिक बारीक धूळ अडवितो, आणि वारंवार काढल्याने त्याची कड नीट बसत नाही. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली नव्या पद्धतीच्या पेट्रोल गाड्यांत मुद्दाम तुंबविलेले फिल्टर घालून पाहिले. वेग घेण्याची शक्ती घटली, पण पेट्रोल फारसे जास्त जळले नाही. तेव्हा ‘अ‍ॅव्हरेज वाढेल’ या आमिषाने तो बदलू नये. धुळीच्या गावात लवकर, इतरत्र पुस्तिकेप्रमाणे बदलावा, एवढेच.

वॉरंटी चालू आहे तोवर छापील सेवा चुकवू नये आणि पावत्या जपाव्यात. त्यापलीकडे जे काही सुचविले जाईल त्यास आम्ही आता एकच प्रश्न विचारतो: ‘हे पुस्तिकेत कोणत्या पानावर आहे?’ इंजिन धुण्याचे औषध आमच्या पुस्तिकेत कोठेच निघाले नाही. ब्रेक ऑइल निघाले. ते बदलायला सांगितले तेव्हा एका तरुण मेकॅनिकने कपाटातली अर्धी वापरलेली, बूच सैल असलेली बाटली आणली. बाटलीतले ऑइलही पाणी पितेच, म्हणून आम्ही बाजारातून नवी सीलबंद बाटली आणून त्याच्या हाती दिली. उरलेले ऑइल आम्ही घरी आणले नाही.